दौलतरावांची कापडी खोली

१२ सप्टेंबर १९५२

आज मला पुन्हा काम लागलं. इमारत खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरात माझी अडगळच झाली होती. इंदिरा केर काढताना मला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायची. सकाळी इंजिनिअर रघुवीर व्यास आले. म्हणाले, "अप्पासाहेब, राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांसाठी एक कमिटी बनली आहे. ज्याला घरात फेरफार करायचा असेल, मजला चढवायचा असेल, त्याचा नकाशा आधी आपण तिघं बघायचा. मी, वकील दत्तोपंत आणि तुम्ही." मी भारदस्तपणे "विचार करून सांगतो" म्हणालो, आणि ते जिना उतरायच्या आत वरूनच हो म्हणून टाकलं.

इंदिरा म्हणाली, "म्हणजे आता गल्लीत कुणी खिळा ठोकला तरी तुम्हाला विचारून?"

होय, विचारूनच.

संध्याकाळी आमच्या चोपदार गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. होळकरांच्या दरबारातल्या माणसांसाठी ही गल्ली एकाच मिस्त्रीने बांधली, असं वडील सांगत. दोन्ही बाजूंना घरं, आणि घरांच्या माथ्यावर गच्चीचे कठडे. त्या कठड्यांची रेघ गल्लीच्या तोंडापासून थेट मारुतीच्या देवळापर्यंत जाते. कुठे वर नाही, कुठे खाली नाही. संस्थान गेलं, मध्यभारत आला, आमच्या पगड्या खुंटीवर गेल्या, पण रेघ होती तिथेच आहे. लहानपणापासून बघतो आहे आणि अजून बघताना मान आपोआप वर होते. ही रेघ राखायची, एवढंच मला कमिटीत करायचं आहे.

२० सप्टेंबर

पहिली बैठक. मला वाटलं होतं, नकाशे म्हणजे रुक्ष काम. पण टेबलावर ते पसरले आणि मी थक्क झालो. माणसाच्या मनात कसकशी घरं असतात! एका हलवायाला रेडिओच्या आकाराचा सज्जा हवा आहे. एका विधवेला फक्त एक खिडकी हवी आहे, रस्त्याच्या बाजूला. बाकी काही नाही. खिडकी आम्ही लगेच दिली. रेडिओवर विचार चालू आहे.

गल्लीच्या तोंडाशी उदयसिंहांचं लॉज आहे. त्यांना वर सिमेंटचा आणखी एक मजला चढवायचा आहे. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "अप्पासाहेब, जमाना बदल गया है." मी म्हणालो, "जमाना बदलू दे. कठड्याच्या वर गल्लीत वीट चढणार नाही, उद्या माझं स्वतःचं घर असलं तरी." दत्तोपंत तेवढ्यापुरते जागे झाले, सही केली आणि पुन्हा डोळे मिटले.

४ ऑक्टोबर

आज समोरच्या ओळीतल्या दौलतरावांचा नकाशा आला. दौलतराव संस्थानच्या फरासखान्यात होते. दरबारचे तंबू, शामियाने, कनाती, सगळं त्यांच्या ताब्यात. गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा माणूस. बायको गेली, घरात आता ते आणि मुलगी भानुमती. त्यांना गच्चीवर, रस्त्याच्या अंगाला, एक खोली काढायची आहे. कशाला, तर देवघर म्हणून.

मी नकाशा बघितला आणि मला हसू आवरेना. देवघराला तीन बाजूंनी खिडक्या, त्याही जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर! देवाला कोनाडा नाही, समईला आडोसा नाही.

"दौलतराव, या हवेत तुमची समई टिकेल का हो?"

"हवा पाहिजे, अप्पासाहेब."

"आणि खिडक्या इतक्या खाली कशा?"

"पडल्यापडल्या बाहेरचं दिसावं म्हणून."

"देव केव्हापासून पडून राहायला लागले?"

रघुवीर हसले. दौलतराव हसले नाहीत. रेघेच्या वर खोली जाते म्हणून मी नामंजूर लिहिलं आणि सांगितलं की मागच्या अंगणात बांधा, तिथे कोण विचारतंय. ते उठता उठता म्हणाले, "अंगणात ऊन येत नाही ना. थंडीच्या आत झालं असतं तर बरं होतं."

घरी येऊन इंदिरेला हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही. वरणात मीठ नव्हतं, तेही तिने कबूल केलं नाही.

९ ऑक्टोबर

इंदिरा हल्ली रोज दौलतरावांकडे दूध पाठवते. आमची बरणी त्यांनी परत केली नाही. बाजारातून नवी कोरी आणून दिली. मी म्हणालो, हा काय उधळेपणा, जुनी बरणी काय वाईट होती? इंदिरा म्हणाली, "तुम्ही नकाशे बघा."

रोज सकाळी एक कंपाउंडर सुईची पेटी घेऊन त्यांच्याकडे जाताना दिसतो. दौलतरावांचे गुडघे दुखत असणार. या वयात गच्चीवर देवघर काढायला निघाले, मग दुखतील नाही तर काय.

१४ ऑक्टोबर

दौलतराव दुसरा नकाशा घेऊन आले. देवघर खोडून आता "धान्याची खोली" लिहिलं आहे. खिडक्या तीनच्या तीन, तिथेच! मी विचारलं, गव्हाला बाहेरचं काय बघायचं आहे? ते खाली बघत बसले. मला थोडा रागच आला. माणसाने हट्ट करावा, पण निदान खिडक्या तरी हलवाव्यात.

रघुवीर मध्ये पडले. "अप्पासाहेब, दुसऱ्यांदा आले बिचारे, काही रस्ता काढू ना."

तेव्हा मला वडिलांच्या वेळची एक रीत आठवली. गल्लीत कुणाला घर उंच करायचं असलं की आधी तेवढ्या उंचीचे बांबू रोवून त्यांना पांढरं कापड लावायचं. सगळ्यांनी बघायचं. ज्याचं ऊन अडेल, वारा अडेल, त्याने सांगायचं. मग दरबारचा निर्णय. मी म्हणालो, तसं करा. मनात असं होतं की रेघेवर ते गाठोडं दिसलं की दौलतरावांनाच लाज वाटेल.

पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कापडाची चालेल? किती दिवस ठेवायची?"

"निर्णय होईपर्यंत."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. फरासखान्याचा माणूस, कापडाचं नाव काढल्यावर जुने दिवस आठवले असतील.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. यंदा दौलतरावांच्या दारात रांगोळी नव्हती. भानू देवासला मावशीकडे गेली आहे म्हणतात. ती पोर ठिपके न मांडता नुसत्या नजरेने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची. ओळंब्यासारखी नजर. मी तिला म्हणायचो, तू मुलगा असतीस तर इमारत खात्यात घेतलं असतं. ती म्हणायची, "मुलगी आहे तरी घ्या ना, काका."

पण आज लिहायचं ते वेगळंच. सकाळी दार उघडलं आणि समोरच्या गच्चीवर ती खोली उभी! मी सांगितलं होतं की नुसती उंची दाखवा. या माणसाने महाल उभा केला आहे. जुन्या तंबूचं जाड पांढरं कापड, आत पिवळं अस्तर. भिंती दुहेरी, दौलतराव म्हणाले, मध्ये हात जाईल एवढी जागा. छताला मधोमध उठाव, म्हणजे दव पडलं तर ओघळून जाईल. तिन्ही खिडक्यांना गुंडाळून वर बांधायचे पडदे. दोऱ्या अशा ताणलेल्या की बोट लावलं तर वाजतील. कुठे सुरकुती म्हणून नाही.

ऊन आलं आणि आतलं पिवळं अस्तर उजळलं. सगळी खोली आतून प्रकाशाने भरली. मी ओट्यावर उभा होतो, हातातला चहा निवून गेला. आयुष्यभर दगडाच्या आणि लाकडाच्या इमारतींचं कौतुक केलं. कापड असं उभं राहू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

गल्ली गोळा झाली. सखुबाई शेजारच्या गच्चीवरून बघत होती. कुणीतरी म्हणालं, लग्नाचा मांडव दिसतो, भानूचं जमलं वाटतं. तासाभरात ती बातमी पार खजुरी बाजारात पोचली. हलवाई तर दौलतरावांना म्हणाला, "भिया, लड्डू की बात हमसे ही करना." दौलतरावांनी हात जोडले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मुलीचं लग्न ठरलं तरी माणूस इतका गप्प! मीही अभिनंदन केलं.

२ नोव्हेंबर

आज गल्लीच्या तोंडाशी जाऊन नीट बघितलं. खोली रेघ मोडते. यात शंका नाही.

आणि तरी मी रोज सकाळी फिरायला निघतो आणि देवळापर्यंत न जाता दौलतरावांच्या घरासमोरच थांबतो. सकाळी पूर्वेचा पडदा वर जातो. दुपारी तो खाली येतो आणि दक्षिणेचा उघडतो. दिवेलागणीच्या आधी पश्चिमेचा. ऊन जसं फिरतं तशी खोली त्याच्यासमोर होते. मी इमारती बांधल्या त्या सगळ्या एकदा बांधल्या की तशाच उभ्या. ही एक इमारत बघितली जी दिवसभर सूर्याकडे तोंड करते. पडदे दौलतराव स्वतः उघडतात. नमुना दाखवायचा तर इतकी सेवा कशाला, कळत नाही. पण बघत राहावंसं वाटतं, हे खरं.

कमिटीच्या माणसाने असं डळमळीत होऊन चालणार नाही.

१६ नोव्हेंबर

हरकती ऐकायचा दिवस. दौलतरावांच्या ओट्यावरच खुर्च्या टाकल्या. गल्लीतून एकाचीही हरकत नाही! चोपदार गल्लीत असं कधी झालेलं नाही. इथे लोक दुसऱ्याच्या मांजरावर हरकत घेतात.

सखुबाईच्या पापडांवर त्या खोलीची सावली पडते, मी स्वतः बघितली आहे. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "माझं काय, साहेब, मी पापड पलीकडे वाळवीन. ऊन त्या पोरीला..." आणि थांबली, कारण इंदिरेने तिच्याकडे बघितलं. नवरीला हळद लागायच्या आधी ऊन कशाला लागतं, हे बायकांचं शास्त्र मला कळत नाही.

फक्त उदयसिंह उठले. "हरकत नाही, साहेब. बस इतकंच, यांना मिळालं तर मलाही मजला मिळाला पाहिजे. कायदा सबके लिए एक."

 एकाला दिलं की रेघ गेली. पुढच्या पाच वर्षांत गल्लीत सिमेंटचे डबे उभे राहतील. घरी येऊन मी इंदिरेला सांगितलं, "पुढच्या बैठकीत नामंजूर लिहितो आणि कापड उतरवायला सांगतो. मलाही वाईट वाटतंय, पण नाइलाज आहे."

ती पोळ्या लाटत होती. लाटणं बाजूला ठेवलं. "अहो, तुम्ही नकाशा दोनदा पाहिलात. खोली एकदा तरी पाहिलीत का?"

"रोज पाहतो."

"खालून. वर जाऊन या. मग काय लिहायचं ते लिहा."

जागेची पाहणी करायला हवी, हे तिचं बरोबर आहे. उद्या जातो.

१७ नोव्हेंबर

 

सकाळी दौलतरावांकडे गेलो आणि वर पाहणी करायची आहे म्हणालो. ते जिन्याच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. मग हळूहळू बाजूला झाले. गच्चीवर पोचलो, पडदा सारला. आत खाट होती. खाटेवर भानू.

मी ओळखलीच नाही आधी. हाताच्या नुसत्या काड्या. केस विंचरून दोन वेण्या घातलेल्या, पांढरी चादर गळ्यापर्यंत, आणि तोंडावर कोवळं ऊन. सगळी खोली त्या पिवळ्या उजेडाने भरलेली. मी पुढे व्हायला लागलो तर ती म्हणाली, "काका, तिथेच थांबा. जवळ नका येऊ."

दौलतराव माझ्या मागून म्हणाले, "क्षय आहे, अप्पासाहेब. श्रावणापासून. दवाखान्यात जागा मिळेना. डॉक्टर म्हणाले, सुई मी देतो, ऊन आणि हवा तुम्ही द्या. खालच्या खोल्या तर तुम्हाला माहीतच आहेत. नकाशात खरं कसं लिहू? तो नकाशा दहा जण बघणार. उद्या बरी झाली तर तिचं लग्न व्हायचं आहे."

देवघर. धान्य. पडल्यापडल्या दिसावं म्हणून खाली घेतलेल्या खिडक्या. आणि मी कसले विनोद करत होतो!  भानूला मूर्खासारखं विचारलं, "काय करत असतेस दिवसभर?"

"तुमची रेघ बघते." ती हसली. "काका, एक विचारू? ती सरळ नाहीये, तुम्हाला माहीत आहे ना?"

मी म्हणालो, "वेडी आहेस. अख्ख्या इंदुरात तेवढी एकच गोष्ट सरळ आहे."

"इथून बघा. पण खाली बसून, माझ्या नजरेच्या उंचीवरून."

मी पडद्यापाशीच जमिनीवर बसलो. खिडकीत दौलतरावांनी तंबूची दोरी आडवी ताणून बांधली आहे. तिच्या मागे समोरच्या ओळीचे, म्हणजे आमच्या बाजूचे, सगळे कठडे दिसत होते. दोन्ही टोकांना कठडा दोरीला टेकलेला. आणि मधोमध, आमच्या घरापाशी, दोरीच्या वर. अगदी थोडा. पण वर.

"मधे उचलली आहे," ती म्हणाली. "मला आधी वाटलं ताप आहे म्हणून असं दिसतंय. रोज बघितलं, ताप नसतानाही. मग कळलं. एवढी लांब रेघ खरीच सरळ ओढली तर खालून मधे वाकल्यासारखी दिसते. माझ्या मोठ्या रांगोळीत तसंच व्हायचं, मी मधे जरा वर घ्यायची. त्या मिस्त्रीनेही तेच केलंय. बघणाऱ्याला सरळ दिसावी म्हणून तो वाकला."

ती दमली. दौलतरावांनी तिच्या ओठांना पाणी लावलं.  जन्मभर खालून बघितलं. ज्या रेघेच्या नावाने या पोरीचं ऊन काढून घ्यायला आलो होतो, ती तिने मला पहिल्यांदा दाखवली.

घरी आलो तेव्हा इंदिरा दारातच होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तुम्ही आणि उदयसिंह सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं."

"मग लग्नाची आवई?"

"ती मी उठवली. कापड कशाला लागलंय, असं बाहेरच्यांनी विचारलं तर काहीतरी सांगायला हवं ना. हलवायालासुद्धा मीच पढवलं."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच मंजूर केलं असतं, आणि उदयसिंहांनी दुसऱ्या दिवशी मजला चढवला असता. तुमची रेघ पण राहायला पाहिजे होती ना."

 आमच्या घरात कमिटी कोण आहे, ते आज मला कळलं.

२९ नोव्हेंबर

रघुवीरांकडून उंची मोजायची दुर्बीण आणून, दोघांनी मिळून रेघ मोजली. मधोमध चार बोटं वर. रघुवीर टोपी काढून रस्त्यात उभेच राहिले. "बाप रे. और हम समझते थे कि हम इंजिनियर हैं."

संध्याकाळी बैठक झाली. निर्णय मी लिहिला. मंजूर नाही, नामंजूरही नाही. मजकूर असा: "कापडी नमुन्याचा गल्लीच्या उजेडावर काय परिणाम होतो ते थंडी, उन्हाळा आणि पावसाळा, तिन्ही ऋतूंत बघितल्याशिवाय समितीला मत बनवता येत नाही. तोपर्यंत नमुना जागेवरच ठेवावा आणि नीट राखावा. निर्णय राखून ठेवला आहे."

रघुवीर म्हणाले, "बारिश में कपडा टिकेल का?"

"टिकत नसेल तर वर तात्पुरता पत्रा टाकायला समितीची हरकत नाही. नमुन्याच्या रक्षणासाठी."

दत्तोपंत आज पूर्ण जागे होते. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं वकिली केली, पण काहीही न ठरवता इतकं काही ठरवलेलं पाहिलं नाही." आणि सही केली.

१४ जानेवारी १९५३

संक्रांत. गल्लीत सकाळपासून गिल्ली-दांडू चालू आहे. उदयसिंह तिळगूळ घ्यायला आले आणि गोड बोलायच्या आधीच म्हणाले, "अप्पासाहेब, तंबू अजून उभाच आहे. मग मलाही लावू द्या ना कापड."

मी म्हणालो, "जरूर लावा. फक्त निर्णय होईपर्यंत त्या कापडात स्वतः राहायचं, रात्रंदिवस. दौलतरावांकडे तसाच नियम आहे."

या थंडीत! त्यांनी थोडा विचार केला. मग हळूच विचारलं, "तिथे कोण राहतंय?"

मी वर बघितलं. त्यांनीही बघितलं. दक्षिणेचा पडदा उघडा होता. मग म्हणाले, "लॉजच्या मागे माझी गाय आहे. सकाळचं दूध उद्यापासून माझ्याकडून जाईल." तिळगूळ तोंडात टाकला आणि गेले. मजल्याचं पुन्हा बोलले नाहीत.

इंदिरा वर तिळगूळ घेऊन गेली होती. पडद्याबाहेर ठेवून आली. भानूला अजून ताप येतो. कंपाउंडर म्हणाला, आताच काही सांगता येत नाही. मी देवाला फारसा त्रास देत नाही, पण आज मारुतीला जाऊन आलो.

८ मार्च

सकाळी नेहमीसारखा गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. सूर्य कठड्यांच्या वर येत होता. मी रेघ बघत होतो. आता ती मला दोन्ही तऱ्हांनी दिसते, सरळही आणि उचललेलीही, आणि दर खेपेला छाती भरून येते. मधल्या त्या पांढऱ्या खोलीने ती मोडते, हेही दिसतं. मोडू दे.

परतताना दौलतरावांच्या घरासमोर आलो, ते खाली ओट्यावर दात घासत होते. मी त्यांना हाक मारणार, तेवढ्यात वर बघितलं.

पूर्वेचा पडदा हलला. दौलतराव तर खाली, माझ्यासमोर! पडदा थोडा वर गेला, अडला, पुन्हा खाली आला. मग परत वर. एक बारीक हात बाहेर आला, पडद्याची गुंडाळी दाबून धरली, दोरीची गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली. या खेपेला बसली.

मी दौलतरावांच्या खांद्याला हात लावला आणि वर दाखवलं. त्यांच्या हातातला तांब्या ओट्यावर पडला आणि पाणी गल्लीभर वाहत गेलं.

निर्णय राखून ठेवलेला आहे. पावसाळा अजून बघायचा आहे.